गळती इथे, कारण तिथे : शिडाची बोट स्वतः दुरुस्त करताना

(पॉडकास्टच्या या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेली पुनरावृत्ती तेवढी काढली आहे, बाकी भाषा बोलण्यातलीच ठेवली आहे.)



आज बोलायचंय दुरुस्तीबद्दल. आणि तीही शिडाच्या बोटीच्या. आता तुम्ही म्हणाल, आमच्याकडे सायकल धड नाही आणि हा बोटीचं काय सांगतोय! थांबा जरा. ज्यांनी कधी घरातला गळका नळ स्वतः उघडलाय, जुना लॅपटॉप खोललाय किंवा कुणीतरी आठ वर्षांपूर्वी लिहून ठेवलेल्या कोडमध्ये हात घातलाय, त्या सगळ्यांसाठी हा भाग आहे.

थोडी ओळख सांगतो. मी करावेगावचा. सीवूड्सला उतरून पाम बीच रोडच्या पलीकडे खाडीकडे गेलात की टी. एस. चाणक्य लागते. मर्चंट नेव्हीची पोरं तिथे शिकतात. तुम्ही फ्लेमिंगोचे फोटो काढायला येता ना, तोच परिसर. आजोबांपर्यंत आमच्या घरात होडी होती. बाबा नोकरीत गेले, मी बीटेक करून सॉफ्टवेअरमध्ये गेलो. म्हणजे पाण्याशी संबंध उरला तो फक्त म्हावऱ्याच्या ताटापुरता. मग कॉलेजचे दोन मित्र आणि मी, तिघांनी पैसे जमवून एक जुनी चोवीस फुटी फायबरची शिडाची बोट घेतली. नवी मोटारसायकल येईल तेवढ्यात ती आली. एवढ्या स्वस्तात का आली, ते पुढे कळेलच.

बेत साधा होता. पावसाळ्याच्या आधी मुंबईहून गोव्याला जायचं. समुद्रातून अंतर सव्वादोनशे ते अडीचशे सागरी मैल. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. आमच्यासारख्या छोट्या बोटीला ताशी चार-पाच सागरी मैल मिळाले तरी खूप. म्हणून रोज थोडं थोडं जायचं. मुरुड, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, मालवण असे मुक्काम. फेब्रुवारी ते मे दुपारचा वारा बहुतेक वायव्येकडून येतो, म्हणजे दक्षिणेला जाणाऱ्याच्या पाठीशी. पण त्यालाही मुदत असते. मे संपत आला की समुद्र बदलायला लागतो. १ जूनपासून यांत्रिक मासेमारी बंद होते, आमच्या जेट्टीवरच्या होड्या वर येतात, शाकारल्या जातात. म्हणजे आमची डेडलाइन मॅनेजरने दिलेली नव्हती, मान्सूनने दिलेली होती. आणि मान्सूनला ईमेल टाकून एक्स्टेन्शन मागता येत नाही.

दुसरी डेडलाइन आमच्यातल्या एकाची होती. त्याला जर्मनीत नोकरी लागली होती आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात त्याचं विमान होतं. गोव्याला जायचं तर तिघांनी, आणि याच हंगामात.

जानेवारीत गूगल शीट केलं. अकरा ओळी. खिडकीची गळती, डेकवरचा दिवा, तळाला रंग, गाद्यांचे कव्हर, इंजिन सर्व्हिस, असं सगळं. प्रत्येक कामापुढे किती तास लागतील तेही लिहिलं. तिघेही इंजिनिअर ना! मार्चमध्ये त्याच शीटमध्ये त्रेचाळीस ओळी होत्या, आणि पूर्ण झालेल्या होत्या सहा.

असं का होतं, ते एका कामातून सांगतो, कारण सगळ्या भागाचा मुद्दा त्यातच आहे.

आत झोपायच्या फळीवर पाणी टिपकायचं. डाव्या बाजूला, खिडकीच्या खाली. ज्याला दाखवू तो सांगायचा, खिडकी गळतेय. आम्हालाही तेच वाटत होतं. आधीच्या मालकालाही तेच वाटलं असणार, कारण खिडकीच्या चौकटीवर सिलिकॉनचे थरावर थर होते. पांढरा, त्यावर पारदर्शक, त्यावर काळा. कोडमध्ये कसं असतं ना, एरर आली की ट्राय-कॅच टाकायचं, आणि पुन्हा आली की त्याच्या बाहेर आणखी एक. तसंच.

ठरवलं, चौकट काढू आणि नीट बसवू. शीटमध्ये वेळ लिहिला होता तीन तास. चौकटीला सोळा स्क्रू. पाच निघाले. बाकीचे हलेनात. का, तर चौकट ॲल्युमिनियमची आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचे. दोन वेगळे धातू, मध्ये खारं पाणी, म्हणजे बॅटरीच तयार झाली की! त्यात झिजतं ॲल्युमिनियम, त्याची पांढरी पावडर होते, ती फुगते आणि स्क्रूला मगरीसारखी धरून ठेवते. जोर लावला तर स्क्रूचं डोकं तुटतं. मग तेल सोडायचं, रात्रभर ठेवायचं, हीट गनने तापवायचं, हळूच ठोकायचं, परत तेल. दिवसाला दोन स्क्रू निघाले तर पेढे वाटावेत अशी परिस्थिती. जे तुटले ते ड्रिलने काढायचे, आणि स्टेनलेसवर साधा ड्रिल बिट फिरवला तर तो स्टीलला भोक पाडायच्या आधी स्वतः गरम होऊन मरतो. त्याला कोबाल्टचा बिट लागतो, वेग कमी ठेवायचा, दाब जास्त ठेवायचा आणि तेल सोडत राहायचं.

आमच्या गावातले एक नाखवा काका, ज्यांच्या जागेत आमची बोट ठोकळ्यांवर उभी होती, ते हे रोज बघायचे. एके दिवशी आत आले, पाणी टिपकायची जागा बघितली, खिडकीकडे बघितलंच नाही, आणि म्हणाले, "पानी टिपकतंय तिथून येत नाय रं. पानी वाट काढीत येतं. वर बग."

मग त्यांनी स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने डेक वाजवायला सुरुवात केली. आपण नारळ वाजवून बघतो ना, तसं. टण, टण, टण, आणि एका जागी आवाज बदलला. ठप. खिडकीपासून जवळपास दोन फूट पुढे.

त्या जागेवर काय होतं? चेनप्लेट. हा शब्द लक्षात ठेवा. शिडाच्या बोटीची डोलकाठी नुसती रोवलेली नसते. तिला पुढून, मागून आणि दोन्ही बाजूंनी स्टीलच्या तारांनी ताणून धरलेलं असतं. गणपतीच्या मंडपाचा खांब दोरांनी ताणतात ना, तसंच. या तारा खाली जिथे बोटीला जोडतात तिथे स्टीलची जाड पट्टी असते. ती डेकमधल्या फटीतून खाली जाते आणि आत एका आडव्या प्लायवूडच्या भिंतीला बोल्टने घट्ट बसवलेली असते. ती चेनप्लेट. वारा भरला की ज्या बाजूने वारा येतो त्या बाजूच्या तारांवर सगळा ताण येतो. तो ताण या पट्टीवर येतो. पट्टी तुटली तर तार सुटते, आणि तार सुटली तर डोलकाठी खाली येते.

म्हणजे पाणी खिडकीतून येतच नव्हतं. चेनप्लेटच्या फटीतून आत शिरायचं, डेकच्या आतल्या लाकडातून सरकायचं आणि खिडकीच्या चौकटीशी येऊन टिपकायचं. इतकी वर्षं सगळे लोक आऊटपुटवर सिलिकॉन लावत होते!

आतलं पॅनेल काढलं. ज्या भिंतीला चेनप्लेट बसवली होती तिचा वरचा कोपरा बोटाने दाबला तर ओल्या खारीसारखा दबला. बोल्ट काढले, पट्टी बाहेर काढली. वर, जिथे ती उघड्यावर होती, तिथे चकाचक, आरशासारखी. आणि मधोमध, जिथे ती डेकच्या जाडीत सीलंटमध्ये दडलेली होती, तिथे तपकिरी डाग, बारीक खड्डे, आणि एका बोल्टच्या भोकापासून निघालेली केसाएवढी रेघ. नखाला जाणवत होती.

इथे थोडी केमिस्ट्री. स्टेनलेस स्टील गंजत नाही असं आपण म्हणतो. खरं कारण असं की त्यातल्या क्रोमियमचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन वर एक अतिशय पातळ थर तयार होतो आणि तो आतल्या धातूला वाचवतो. थर खरवडला गेला तर पुन्हा तयार होतो, पण त्यासाठी ऑक्सिजन लागतो. आता ही पट्टी ओल्या सीलंटच्या आत दाबून ठेवा. खारं पाणी आहे, हवा नाही. थर तुटतो आणि परत बनत नाही. म्हणजे स्टेनलेस नेमकं तिथेच गंजतं जिथे ते कुणाला दिसत नाही. गळती दाबायला लावलेल्या सिलिकॉनने पाणी बाहेर ठेवलं नाही, आत कोंडून ठेवलं.

तीन तासांच्या खिडकीचं काम आता डेक, भिंत, चेनप्लेट आणि त्या एकट्या नाही, तर सगळ्या चेनप्लेट, इथपर्यंत आलं.

आता या टप्प्यावर माणूस चिडतो. मनापासून. रविवारची दुपार, मार्चचं ऊन, फायबरग्लासची खाज अंगभर, आणि घरून फोन, "जेवायला येतोयस का बोटीशीच लग्न लावून देऊ?" मला वाटायला लागलं होतं की हे स्वतः करायचं कशासाठी, माणूस लावू आणि मोकळे होऊ. या प्रश्नावर मी बराच विचार केला, थोडं वाचलंही. त्यातून जे कळलं ते सांगतो.

पहिली गोष्ट मुंबईचीच आहे. १९६८-६९ मध्ये रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन नावाचा ब्रिटिश खलाशी कुठेही न थांबता एकट्याने शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस ठरला. ३०० हून जास्त दिवस. त्याची बोट 'सुहैली' कुठे बांधली होती माहितीये? मुंबईत! बत्तीस फुटी बोट, सागवानाची, इथल्या सुतारांनी हाताने बांधलेली. आणि मुळात ती शर्यतीसाठी नव्हतीच, मुंबईहून घरी इंग्लंडला जायला म्हणून बांधून घेतली होती.

शर्यतीच्या सुरुवातीलाच अटलांटिकमध्ये सुहैली गळायला लागली. तळाच्या कण्याला लागून असलेल्या फळीची फट. हा माणूस भर समुद्रात पाण्याखाली उतरला. आधी फटीत कापूस ठोकायचा प्रयत्न केला. श्वास धरून किती ठोकणार? जमलं नाही. मग वर येऊन कॅनव्हासच्या लांब पट्टीवर कापूस शिवला, तिला डांबर लावलं, तांब्याचे खिळे आधीच टोचून ठेवले आणि पुन्हा खाली जाऊन ती पट्टी फटीवर ठोकून बसवली. त्यावर तांब्याची पट्टी. मध्ये शार्क येऊन गेला तो वेगळाच. हे त्याला जमलं कारण ही फट त्याच्या ओळखीची होती. मुंबईहून निघाल्यावर आधीच्या प्रवासातही तिने त्रास दिला होता. पाणी कुठून येतंय हे शोधायला त्याला वेळ घालवावा लागला नाही.

त्याचीच आणखी एक गोष्ट मला फार आवडते. बॅटरी चार्ज करायच्या इंजिनाचा मॅग्नेटो बिघडला. त्यातली फट ठराविक मापाची लागते, इंचाच्या हजाराव्या भागात. मापायची पट्टी नव्हती. त्याने एका पुस्तकाची पानं मोजली, एका इंचात दोनशे. म्हणजे एक पान पाच हजारांश इंच. तीन पानं घातली की पंधरा. झालं माप! आपल्याकडे याला जुगाड म्हणतात, पण याच्यामागे भागाकार आहे, हे विसरू नका.

दुसरी गोष्ट गोव्यातली. मराठी माणूस नौदलप्रमुखांपर्यंत जाऊन एक वेडं स्वप्न मांडतो, निवृत्त व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी. भारतीय माणसाने भारतीय बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करायची. कमांडर दिलीप दोंदे पुढे आले. तोवर आपल्याकडे अशी बोट बांधलीच गेली नव्हती. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात ती बांधायला घेतली, ५६ फुटी 'म्हादेई'. फेब्रुवारी २००९ मध्ये ती नौदलात आली आणि १९ ऑगस्ट २००९ ला दोंदे मुंबईहून निघाले. चार बंदरं घेत मे २०१० मध्ये परत. पुढे १ नोव्हेंबर २०१२ ला त्याच बोटीतून अभिलाष टॉमी निघाले आणि कुठेही न थांबता ३१ मार्च २०१३ ला परत आले. दोंदेंच्या प्रवासात टॉमी किनाऱ्यावरच्या मदतीला होते. म्हणजे बंदरात बोट आली की काय तुटतं, काय झिजतं, हे त्यांनी आधी दुसऱ्याच्या फेरीत पाहिलं आणि मग स्वतः गेले.

या गोष्टी वाचल्यावर मी आमच्या त्रेचाळीस ओळी पुन्हा पाहिल्या. आणि त्यांचे तीन भाग केले. आजच्या भागातून एवढं जरी नेलंत तरी पुरे. बुडवणारी कामं, अडवणारी कामं आणि चिडवणारी कामं.

बुडवणारी म्हणजे, तळाची भोकं आणि त्यांचे व्हॉल्व्ह, डोलकाठी आणि तिच्या तारा, सुकाणू, आग लागेल अशी वायरिंग. यातलं एक गेलं तर जीव जातो.

अडवणारी म्हणजे इंजिन, नांगर, बॅटरी, रात्रीचे दिवे. गेलं तर प्रवास थांबतो, कुठेतरी बंदरात बसून राहावं लागतं, पण आपण असतो.

चिडवणारी म्हणजे टिपकणारं पाणी, करकरणारं दार, उखडलेला रंग, गादीचा वास. यांच्याने काही होत नाही, फक्त डोकं फिरतं.

गंमत बघा. आमचे नव्वद टक्के वाद आणि निम्मे पैसे तिसऱ्या यादीवर चालले होते. कारण ती दिसते. पहिली यादी गप्प असते. चेनप्लेट करकरत नाही, वास सोडत नाही, वरून तर चकाकते. आणि याहून महत्त्वाचं म्हणजे चिडवणारी गोष्ट कधीकधी बुडवणाऱ्या गोष्टीचा एकमेव निरोप असते. ते टिपकणारं पाणी हा चेनप्लेटचा निरोप होता. वर्षानुवर्षं लोकांनी निरोप्यालाच सिलिकॉन लावलं.

म्हणून माझं म्हणणं असं. स्वतः दुरुस्ती करायची ती पैसे वाचवायला नाही. खरं सांगतो, पैसे फारसे वाचत नाहीतच. हत्यारं घेण्यात जातात. आपण पैसे देऊन माणूस लावतो तेव्हा त्याला सांगतो, पाणी टिपकायचं बंद कर. तो बंद करतो. त्याचं काम झालं, त्याची चूक काहीच नाही. पण ज्याला त्या बोटीत बसून रात्री समुद्रात जायचंय त्याचा प्रश्न वेगळा असतो, पाणी येतंय कुठून? हा दुसरा प्रश्न पैसे देऊन दुसऱ्याच्या डोक्यात घालता येत नाही.

पण याचा अर्थ सगळंच आपल्या हाताने करायचं असाही नाही हां. माग काढायचा आपण. काम कुणी करायचं ते नंतर ठरवायचं. चेनप्लेट आम्ही घरी बनवली नाही. हार्बर लाइन पकडून मशीदला उतरलो, नागदेवी स्ट्रीट पालथी घातली. बोल्ट, बिट, टॅप, सगळं तिथे मिळतं. जुनी जहाजं फोडून निघालेल्या साखळ्या, दोर, कप्प्या बघायला रे रोडला उतरून दारुखान्यात गेलो. वायर बघायला लोहार चाळ. मुंबईचा हा पट्टा म्हणजे दुरुस्ती करणाऱ्यांची पंढरी आहे. पण एक लक्षात ठेवा, ज्या गोष्टीवर जीव टांगलाय ती सेकंडहँड घ्यायची नाही. साखळी चालेल, नीट तपासून. तार नाही.

पट्ट्या नवी मुंबईतल्या एका वर्कशॉपमधून कापून आणल्या. ३१६ ग्रेड सांगितला होता. ३१६ मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे खाऱ्या पाण्यात तो ३०४ पेक्षा जास्त टिकतो. दिसायला दोन्ही सारखे. लोक सांगतात, चुंबक लावून बघ. अजिबात उपयोग नाही, दोन्हीला चुंबक जवळजवळ चिकटतच नाही. आम्ही एका टेस्टिंग लॅबमध्ये नेल्या, तिथे बंदुकीसारखं एक यंत्र असतं, धातूवर टेकवलं की त्यात काय काय आहे ते स्क्रीनवर येतं. मॉलिब्डेनम जवळपास शून्य. ३०४ निघाला. परत गेलो, वाद झाला, दुसऱ्या ठिकाणाहून सर्टिफिकेटसकट माल घेतला. दोन आठवडे गेले.

भिंतीसाठी प्लाय घेतानाही तेच. दुकानात सगळेच म्हणतात वॉटरप्रूफ. तुम्ही शिक्का बघा, आयएस ७१०. हा मरीन प्लायचा भारतीय मानक आहे आणि त्याच्या चाचणीत प्लाय ७२ तास उकळतात. तुमच्या बाथरूमच्या दरवाजालाही हे लागू आहे बरं का.

इपॉक्सीचं सांगतो, कारण त्याने आमचे दोन रविवार खाल्ले. पाकिटावर लिहिलेला वेळ थंड देशातला असतो. मेमध्ये करावेच्या उन्हात तो निम्म्याहून कमी धरायचा. इपॉक्सी घट्ट होताना स्वतः उष्णता सोडतं. उंच कपात ठेवलं की ती उष्णता आतच कोंडते, मिश्रण आणखी तापतं, आणखी वेगाने घट्ट होतं आणि कपातून धूर निघतो. म्हणून पसरट ट्रेमध्ये ओतायचं, थोडं थोडं करायचं आणि पहाटे करायचं. दमट हवेत त्याच्यावर मेणासारखा चिकट थर येतो. पुढचा हात द्यायच्या आधी तो साध्या पाण्याने आणि घासणीने धुवायचा, नाहीतर वरचा थर धरत नाही.

आणि मग मे उजाडला.

दुसऱ्या आठवड्यात आमच्याकडे दोन चेनप्लेट नव्या बसलेल्या, चार काढायच्या होत्या. मित्राच्या विमानाला सोळा दिवस. त्या रात्री आम्ही बोटीतच बसलो होतो, आणि तो म्हणाला, "उरलेल्या चार पट्ट्या एवढी वर्षं टिकल्या ना? अजून दहा दिवस टिकतील. हवामान चांगलंय. जाऊया." तो काही वेडा नाही. हिशेब त्याचाही बरोबर होता, बहुतेक टिकल्या असत्या. तिसरा म्हणाला, "एक काढून बघू, ती चांगली निघाली तर जाऊ." मी म्हटलं, एक चांगली निघाली म्हणजे बाकीच्या तीन चांगल्या असं थोडीच आहे? टेस्ट एका केसवर पास झाली म्हणून प्रॉडक्शनला टाकतो का आपण? त्यावर तो चिडला. म्हणाला, "तुला प्रत्येक गोष्ट ऑफिस वाटते. मी परत कधी येणार माहीत नाही मला."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. मैत्रीची मुदत मान्सूनसारखीच असते, तिलाही एक्स्टेन्शन मागता येत नाही.

पण समुद्रातली एक गोष्ट आम्हा तिघांनाही माहीत होती. डोलकाठी जाणं म्हणजे काय ते अभिलाष टॉमींच्या बाबतीत सगळ्या देशाने पाहिलंय. सप्टेंबर २०१८ मध्ये गोल्डन ग्लोब शर्यतीत हिंदी महासागराच्या दक्षिण भागात त्यांची 'थुरिया' वादळात उलटली, डोलकाठी मोडली, पाठीला गंभीर इजा झाली. तीन दिवसांनी एका फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं. तिथे कारण वादळ होतं, आपल्याकडे कारण आपल्याला आधीच माहीत असलेली रेघ असती. एवढाच फरक, पण तो फार मोठा आहे.

गोवा रद्द केलं. मताला टाकलं नाही, भांडणही वाढलं नाही. मित्राने फोन काढला आणि शीटमध्ये प्रवासाच्या ओळीपुढे लिहिलं, 'पुढच्या हंगामात'. मग उरलेले दोन रविवार तो आमच्याबरोबर चेनप्लेट काढत बसला, ज्या बोटीत तो बसणार नव्हता तिच्या. चारपैकी तीन बऱ्या होत्या. चौथीला तशीच रेघ होती. आम्ही कुणीच काही बोललो नाही.

ऐकणाऱ्यांपैकी कुणाला वाटेल, म्हणजे शेवटी जमलंच नाही. तर त्यांच्यासाठी आणखी एक खरी गोष्ट. म्हादेईची बहीण 'तारिणी'. तीही दिवाडीचीच. १० सप्टेंबर २०१७ ला लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी आणि त्यांच्या पाच सहकारी, सहा जणी, तारिणीतून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाल्या. ठरलेले थांबे चार होते, फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ले, केपटाऊन. केपटाऊनहून घरी येताना सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला. शेवटचा टप्पा, घर समोर. त्यांनी बोट मॉरिशसला वळवली, पोर्ट लुईला दुरुस्ती केली आणि मग २१ मे २०१८ ला गोव्यात आल्या. ठरले होते चार थांबे, झाले पाच. त्या पाचव्या थांब्यामुळे कुणी त्यांचा प्रवास अपुरा मानत नाही.

आणि टॉमी? ते २०२२ मध्ये पुन्हा त्याच शर्यतीला गेले. वाऱ्यावर चालणारं स्वयंचलित सुकाणू वाटेत मोडलं, तेव्हा त्यांनी बोटीतल्या टॉयलेटचं दार कापून त्याचे सुटे भाग बनवले. २९ एप्रिल २०२३ ला दुसरे आले. माझ्या तीन याद्या आठवा. दार हे चिडवणाऱ्या यादीतलं, सुकाणू बुडवणाऱ्या यादीतलं. कोणतं कापून कोणतं वाचवायचं हे त्या माणसाला कळत होतं.

तर आता आमची बोट कुठे आहे? करावेतच. नाखवा काकांच्या होड्यांच्या शेजारी, ताडपत्री घालून शाकारलेली. शीटमध्ये सतरा ओळी उरल्यात. त्यात बुडवणारी एकही नाही. अडवणाऱ्या चार आहेत. बाकी सगळ्या चिडवणाऱ्या. डेकवरच्या दिव्याच्या ओळीपुढे अजून त्या मित्राचंच नाव आहे, तो म्हणतो काढू नका, मी येऊन करणार. नारळी पौर्णिमा झाली, समुद्र निवळला की ऑक्टोबरात आधी अटल सेतूखालून बाहेर पडून मांडव्यापर्यंत जाऊन येऊ, मग मुरुड, मग पुढचं.

जाता जाता तुमच्यासाठी गृहपाठ. घरात, गाडीत, कोडमध्ये, जे काही तुम्हाला सध्या रोज चिडवतंय, त्यातली एक गोष्ट घ्या. ती गप्प करायच्या आधी एकदा विचारा की हे येतंय कुठून. सापडलं तर मला व्हॉइस नोट पाठवा. चांगल्या गोष्टी पुढच्या भागात ऐकवू. आणि हो, स्टेनलेसचा स्क्रू ॲल्युमिनियममध्ये बसवणार असाल तर मध्ये अँटी-सीझचं ग्रीस लावा. तुमच्यानंतर जो कुणी तो स्क्रू काढेल, तो तुम्हाला दुवा देईल.

चला, भेटू. काळजी घ्या.